अमेरिकेहून आलेली माणसं

शाळा सुटायला आठवडाभर उरला की अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिलमधल्या मराठी घरांतून एकच प्रश्न फिरू लागतो, "मग, समरला कुठे?" हवा दमट झालेली असते. संध्याकाळी कुंपणापाशी काजवे दिसू लागतात, कॉलनीच्या स्विमिंग पूलचं फाटक उघडलेलं असतं आणि क्लोरीनचा वास आमच्या डेकपर्यंत येतो. त्या वासाने इतरांना सुट्टीची चाहूल लागते. मला लाज वाटू लागते. जुनं दुखणं थंडीत वर यावं तशी ती दर जूनमध्ये वर येते, आणि भाजी चिरताना, मीटिंगमध्ये म्यूटवर बसलेली असताना, कुठेही गाठते.

यंदा तर निमित्त आपणहून चालून आलं. सांता क्लाराहून नुकतंच इकडे राहायला आलेलं एक तरुण जोडपं माझ्या मैत्रिणीकडे, प्राचीकडे, जेवायला होतं. ती दोघं ग्रीसला निघालीत म्हटल्यावर प्राचीने लगेच माझ्याकडे बोट दाखवलं. "मधूकडून आयटिनररी घ्या. तिने पॉइंट टू पॉइंट प्लॅन केलं होतं यार, डोळे झाकून फॉलो करा." मी म्हटलं, "हो हो, शोधून पाठवते." शोधायचं काय त्यात, फाइल लॅपटॉप उघडल्या उघडल्या समोर दिसते. अजून पाठवलेली नाही. त्या मुलीने दोनदा हसऱ्या चेहऱ्यांसकट आठवण केली, आणि दोन्ही वेळा मी ऑफिसच्या कामाच्या नावावर ढकललं.

आपल्या माणसांना फिरायला गेलं की पॉइंट लागतात. आमच्या नागपूरच्या शाळेची सहल चिखलदऱ्याला जायची. सर प्रत्येक पॉइंटला शिट्टी वाजवून आम्हाला गाडीतून उतरवायचे आणि शिट्टी वाजवूनच चढवायचे. दरीत नीट डोकावून होत नाही तोच शिट्टी. ती शिट्टी माझ्या अंगात इतकी मुरली की पुढे जगात कुठेही गेले तरी मीच सरांच्या भूमिकेत शिरते. तीन वर्षांपूर्वी आम्ही दोन्ही कुटुंबं मिळून गेलो त्या ग्रीसच्या बेटावरही पवनचक्क्यांचा पॉइंट होता, कड्यावरच्या मठाचा पॉइंट होता, होडीतून बघायच्या गुहा होत्या, जुन्या किल्ल्यातली वस्ती होती, आणि सूर्यास्ताचा पॉइंट तर असायलाच हवा म्हणून आम्ही तो स्वतःच ठरवून टाकला. सहा दिवसांत बेट संपवायचं होतं. "संपवायचं" हाच शब्द मी वापरत होते, आणि कुणालाही तो खटकला नाही.

बेटाचं नाव मी सांगणार नाही. मोठ्या, प्रसिद्ध बेटांच्या शेजारचं, होडीने तासाभरात पोचता येईल असं ते एक लहानसं बेट. तिथला उजेड मात्र विसरता येत नाही. भिंती पांढऱ्या, गल्ल्यांतल्या फरशांच्या कडाही चुन्याने रंगवलेल्या, आणि दुपारी त्या सगळ्यावरून ऊन असं परतून यायचं की गॉगल लावूनही डोळे बारीक करावे लागत. वारा दिवसभर थांबायचा नाही. त्या वाऱ्यात मीठ असायचं, रानातल्या ओव्यासारख्या कसल्या तरी झुडपाचा वास असायचा, कुणाच्या तरी घरात तळल्या जाणाऱ्या वांग्यांचा असायचा. बोगनवेल थेट आपल्याकडच्यासारखी. धक्क्यावर दोरीला ऑक्टोपस वाळत घातलेले होते. प्राचीच्या आई, ज्यांना आम्ही सगळे काकू म्हणतो, त्या पुण्याहून तीन महिन्यांसाठी लेकीकडे आल्या होत्या आणि आमच्यासोबत होत्या. त्यांना लांबून ते मोजे वाटले. "किती स्वच्छ लोक बघ, मोजेसुद्धा उन्हात," असं म्हणत त्या जवळ गेल्या आणि पुढचे दोन दिवस त्यांनी धक्क्याच्या बाजूला पाऊलच टाकलं नाही.

एवढं सुंदर सगळं. आणि मला मात्र ते आठवलं की मान खाली घालावीशी वाटते.

चौथा की पाचवा दिवस, रविवार होता. यादीत होतं 'जुन्या पद्धतीचं घर, आता संग्रहालय'. मोबाइलवरचा नकाशा त्या गल्ल्यांमध्ये सारखा भांबावत होता. एका वळणावर निळं दार सताड उघडं दिसलं. आत फरसबंद अंगण, लिंबाचं झाड, भिंतीशी मांडलेल्या खुर्च्या, आणि लोकांची ये-जा. "हेच," मी म्हटलं. माझ्या आवाजात शिट्टी होतीच. काकूंनी उंबऱ्याशी थांबून फर्मावलं, "शूज काढा रे सगळ्यांनी. दुसऱ्यांची वास्तू आहे." प्राचीची दोन मुलं कुरकुरली, पण आम्ही सगळ्यांनी बूट काढून भिंतीशी ओळीने लावले आणि अनवाणी आत गेलो.

आतल्या खोलीत विणलेला पांढरा रुमाल घातलेलं टेबल होतं. त्यावर एका मिशीवाल्या म्हाताऱ्या गृहस्थांचा चौकटीतला फोटो, शेजारी फुलं, समोर पेटती मेणबत्ती. आता हसू नका. आपल्याकडे शाळा असो, पतपेढी असो की मंगल कार्यालय, दारातून शिरलं की संस्थापकांचा हार घातलेला फोटो असतोच, आणि आपण त्याला हात जोडतोच. निखिल, प्राचीचा नवरा, हळूच म्हणाला, "फाउंडर दिसतायत." काकूंनी पदर सावरून वाकून नमस्कार केला. मग प्राचीने, मग मी, माझ्या नवऱ्याने, मिलिंदने, पोरांनी. एकामागून एक, रांगेने. खोलीतले लोक बोलायचे थांबले. आम्हाला वाटलं, परदेशी पाहुण्यांचं कौतुक करतायत.

फोटोसमोर मोठ्या ताटात उकडलेल्या गव्हांचा ढीग होता, वर पिठीसाखरेचा थर, बदाम, चंदेरी गोळ्या. एका बाईंनी वाटीवाटीने तो वाढला. डाळिंबाचे दाणे, मनुका, दालचिनी. काकूंनी वाटी कपाळाला लावली आणि "प्रसाद आहे, टाकायचा नाही," असं मुलांना बजावलं. आम्ही जमिनीवरच बसलो, उजव्या हाताने खाल्लं. प्राचीने आणखी मागून घेतलं, वर खुणांनी कृती विचारली. मिलिंद "तिकीट? तिकीट?" असं विचारत एका आजोबांपाशी गेला, तर त्यांनी त्याच्या हातात ब्रँडीचा छोटा पेला ठेवला. "वॉव, इन्क्लूडेड आहे," असं म्हणून त्याने तो घेतला. मी खोल्या बघत हिंडले. पितळी पलंग, कपाटातल्या निळ्या काठांच्या बशा, छताच्या तुळया, खिडकीतली तुळशीची कुंडी. तिथे खिडकीत तुळस लावतात हे बघून मला भरून आलं होतं. मोबाइलवर फोटोंचा सपाटा चालू होता.

मी ओळखायला हवं होतं. बाकी कुणी नाही तरी मी. आमच्या घरी फोटो, फुलं आणि पेटती मेणबत्ती एकत्र दिसणं म्हणजे काय, हे मी लहानपणापासून बघत आलेली आहे. त्याच्या दोन वर्षं आधी माझे बाबा गेले. माझी व्हिसाची मुदतवाढ अडकलेली होती, बाहेर पडले असते तर परत येता येईल की नाही हे वकीलही सांगायला तयार नव्हते. नागपुरात विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला तेव्हा मी मॉरिसव्हिलच्या स्वयंपाकघरात मोबाइल मिठाच्या बरणीला टेकवून उभी होते. पलीकडे भन्ते त्रिशरण म्हणत होते, आवाज तुटत होता, बाबांच्या फोटोपुढची मेणबत्ती मला स्क्रीनवर नुसता एक पिवळा ठिपका दिसत होती. आईच्या शेजारी माझ्या जागेवर चुलत बहीण बसली होती. त्या दिवशी तिथे जो जो माणूस आला, त्याच्याविषयी मी अजून कृतज्ञ आहे, मग तो पाच मिनिटं टेकून गेलेला का असेना. आणि इतकं सगळं सोसलेली मी, तशाच मेणबत्तीसमोर उभी राहून दिवाणखान्याचा उजेड कुठून चांगला येतो ते बघत होते.

ईरा, माझी मुलगी, तेव्हा पंधरा वर्षांची. तिने माझी बाही ओढली. "आई, धिस इज नॉट अ म्यूझियम."

"काहीतरीच काय. बघ ना, जुन्या वस्तू."

"आई, प्लीज. एव्हरीवन इज इन ब्लॅक."

मी वळून बघितलं. खरंच, सगळे काळ्या कपड्यांत होते. इतका वेळ माझे डोळे बशा, तुळया, तुळस शोधत होते. माणसांच्या अंगावर काय आहे ते त्यांनी पाहिलंच नव्हतं.

तेवढ्यात त्या घरची म्हातारी माझ्यासमोर आली. बुटकी, डोक्याला काळा रुमाल, डोळे सुजलेले. तिने माझे दोन्ही हात धरले. "अमेरिका?" तिने विचारलं. आणि आम्ही, अमेरिकेत कुणी विचारलं तर इंडिया सांगणारे आणि इंडियाबाहेर कुठेही अमेरिका सांगणारे आम्ही, सगळे एका सुरात म्हणालो, "येस, येस, अमेरिका!" मिलिंदने तर छाती पुढे काढली. म्हातारी रडायला लागली. तिने माझं कपाळ स्वतःच्या कपाळाला टेकवलं, काकूंना मिठी मारली, ईराच्या गालांवरून हात फिरवला. बाकीचेही पुढे आले. आमच्या पाठीवर हात ठेवले. एका आजोबांनी निखिलचा खांदा दाबून धरला तो बराच वेळ सोडलाच नाही. आम्ही हसत होतो.

बाहेर बूट घालताना म्हातारीची नात एलेनी आमच्यामागे आली. विशी-बाविशीची असेल, अथेन्समध्ये शिकत होती, इंग्रजी छान होतं. तिने शांतपणे सांगितलं. आजोबा जाऊन चाळीस दिवस झाले, आज त्यांच्या नावाचा विधी होता, ते गहू त्यासाठीच शिजवतात. तिचा मामा, म्हातारीचा एकुलता मुलगा, वीसेक वर्षांपूर्वी अमेरिकेत गेलाय. त्याच्याकडे कागदपत्रं नाहीत. बाहेर पडला तर परत जाता येणार नाही, तिथे त्याची बायको आहे, मुलं आहेत. तो वडिलांच्या मातीलाही आला नव्हता.

"आजीला वाटतंय, तुम्हाला मामाने पाठवलंय," ती म्हणाली. "अमेरिकेहून आलेली माणसं दारात बूट काढतात, आजोबांच्या फोटोपुढे वाकतात. दुसरं कोण पाठवणार, असं ती सगळ्यांना सांगतेय. मला माहीत आहे की तसं नाहीये. पण तुमची हरकत नसेल तर असंच राहू द्याल?"

माझ्या एका पायात बूट होता आणि एक पाय उघडा होता. मी "हो" म्हटलं. तिने माझा नंबर घेतला, आजीने विचारलं तर म्हणून. दारात म्हातारी हात हलवत उभी होती.

त्यानंतर मी हजारदा विचार केलाय की तिथे काय म्हणायला हवं होतं. खरं सांगितलं असतं तर म्हातारीचा मुलगा तिच्यापासून दुसऱ्यांदा लांब गेला असता. खोटं चालू दिलं तर, आम्ही न केलेल्या आदराचं श्रेय घेऊन चाललो होतो. नुसती चूक झाली असती, कुणी हाकलून दिलं असतं, तर चार दिवसांत विसरले असते. त्यांनी आम्हाला छातीशी धरलं. ते अजून उतरत नाही.

त्या संध्याकाळी आम्ही सूर्यास्ताच्या पॉइंटला गेलो. न जाऊन कसं चालेल, यादीत होतं.  मग निखिलच्या तोंडून "फाउंडर" हा शब्द निसटला आणि प्राचीला हसू फुटलं. मग मिलिंदला. मग, सांगायला जीभ जड होते, मलाही. पोट दुखेपर्यंत हसलो आम्ही. समुद्र केशरी झाला होता, आणि आमच्या मागे कुणी तरी परदेशी जोडपं आमचं हसणं ऐकून आमच्याकडे बघून हसत होतं. एकट्या काकू हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "जेवून आलोय आपण तिच्या घरी. आता पुरे." प्राची म्हणाली, "अगं आई, चिल, कुणाला काय कळतंय." काकू समुद्राकडे तोंड करून बसल्या आणि हॉटेलवर परतल्यावर आधी आंघोळीला गेल्या.

इकडे आल्यावर त्याचा किस्सा झाला. गणपतीच्या पॉटलकला, दिवाळी पार्टीला, कुणाच्या ना कुणाच्या बेसमेंटमध्ये, हातात पेपर प्लेट घेऊन मिलिंद तो साभिनय सांगायचा. तिकीट विचारण्याची नक्कल, ब्रँडीचा पेला, "येस, येस, अमेरिका!" लोक खोखो हसायचे. म्हातारीपर्यंत तो कधी जायचा नाही. किस्सा ब्रँडीवर संपायचा, तिथेच तो बसायचा चांगला. मी शेजारी उभी राहून योग्य जागी "अरे, दालचिनीचं सांग ना" असं पुरवत असे. एकदा ईरा पाणी प्यायला खाली आली होती. ती पायरीवर थांबली, आमच्याकडे बघितलं, आणि पाणी न पिताच वर गेली. तेव्हापासून मी दालचिनीचं पुरवणं बंद केलं. मिलिंदला मात्र थांबवलं नाही.

या एप्रिलमध्ये, सगळीकडे पाइनच्या परागांची पिवळी धूळ बसलेली असताना, अनोळखी नंबरवरून फोन आला. न्यू जर्सीचा. मला वाटलं, तिथल्या आयसेलिनच्या साडीच्या दुकानातून असेल, मी ब्लाउज शिवायला टाकला होता. पलीकडून एक जाड, घोगरा आवाज सावकाश इंग्रजीत म्हणाला की तो एलेनीचा मामा. त्याची आई मार्चमध्ये गेली.

मी खुर्चीत बसले. तो म्हणाला, "एलेनीने मला सगळं खरं सांगितलंय. तुम्ही रस्ता चुकून आत आलात. माहीत आहे मला. पण आई शेवटपर्यंत सांगायची, माझ्या मुलाने माणसं पाठवली होती. गावात सगळ्यांना सांगायची. बापाच्या वेळी मुलगा आला नाही असं मग कुणी तिला म्हणालं नाही. मला तुमचे आभार मानायचे होते."

"असं नका म्हणू," मी म्हटलं. 

मग तो घराविषयी विचारू लागला. बावीस वर्षांत त्याने ते पाहिलं नव्हतं. अंगणातलं लिंबाचं झाड आहे का अजून? आहे, मी म्हटलं, बुंध्याला चुना लावलाय. दार निळंच आहे? निळंच. पलंग? पितळी, एक गोळा निघालेला. तो गोळा मीच लहानपणी काढला होता, तो म्हणाला, आणि हसला. मी भराभर सांगत सुटले, तुळया, तुळस, बशांचे काठ. कधी नव्हे ते मला हलकं वाटलं. माझ्या त्या हावरट बघण्याचा कुणाला तरी उपयोग होत होता. "माझ्याकडे फोटो आहेत," मी म्हटलं. "खूप आहेत. आज रात्रीच पाठवते."

तो म्हणाला, "त्यात आई आहे का? बाबा गेल्यापासून ती कॅमेऱ्यासमोर यायची नाही. व्हिडिओ कॉल केला तर फोन कानाला लावायची, मला नुसता तिचा कान दिसायचा. त्या दिवशी ती काळ्या कपड्यांत कशी दिसत होती, मला बघायचंय."

"असेल," मी म्हटलं. "नक्की असेल. बघते."

मी सगळे फोटो उघडले. अंगण, लिंब, दार, दारातून दिसणारं अंगण, अंगणातून दिसणारं दार. टेबल, ताट, साखरेवरची नक्षी. सगळे स्वच्छ, सुरेख, आणि एकातही माणूस नाही. खोलीत एवढी माणसं होती आणि एकातही माणूस नाही. तेव्हा मला माझा स्वतःचा हात आठवला. निघताना निळ्या दारात ती उभी होती, आणि मी हसून, अगदी प्रेमाने, तळहात हलवून तिला खूण केली होती की जरा बाजूला व्हा. आणि ती, अमेरिकेहून मुलाने पाठवलेली पाहुणी म्हणतेय म्हणून, लगबगीने सरकली होती.

दाराच्या फोटोत उजव्या कडेला काळ्या बाहीचा तुकडा आहे आणि चौकटीला धरलेली चार बोटं. तेवढीच. मी तो फोटो पाठवला. बऱ्याच वेळाने त्याचं उत्तर आलं, "हो, हा तिचाच हात. देव तुमचं भलं करो." बाकीची आई फोटोत का नाही, हे त्याने विचारलं नाही, आणि मी अजून त्याला सांगितलेलं नाही.